बटन परत आला का?

मी लवकर चिडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. चोवीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या दोन नंबरच्या शाळेत इंग्रजी शिकवतेय. एकेका वर्गात चोपन्न पोरं, आणि प्रत्येकाच्या बाकावर पुस्तकांची एवढी चळत, की तिच्यामागे पोरगं जागं आहे की झोपलंय ते कळायची सोय नाही. अशा वर्गात शांत राहणारी बाई मला दाखवा, मी तिच्या पाया पडते. पोरं समोर मला तान बाई म्हणतात आणि पाठीमागे मिरची. मला ठाऊक आहे.

पण माझ्या पोरांचे गुण बघा! विशेषतः उताऱ्यावरच्या प्रश्नांत. माझी पद्धत ठरलेली. उतारा वाचायच्या भानगडीत पडायचंच नाही. आधी प्रश्न बघायचा, त्यातला मोठा शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या पुढचं-मागचं एक वाक्य वाचायचं आणि खूण करून मोकळं व्हायचं. काहीच कळलं नाही तर पर्यायांकडे नीट बघायचं. तीन लांब आणि एक आखूड असेल, तर डोळे मिटून आखूड. तासाभरात पाच उतारे उरकायचे असतात, गोष्ट ऐकत बसायला तिथं कुणाला वेळ आहे?

तर त्या ऑक्टोबरात महिन्याच्या चाचणीला एक उतारा आला होता. स्कॉटलंडमधलं समुद्रकाठचं एक खेडं. तिथं ॲग्नेस पिरी नावाच्या बाईंची बेकरी, आणि त्यांचा बटन नावाचा कुत्रा. हा बटन रोज सकाळी तोंडात टोपली धरून गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाव पोचवायचा. एके दिवशी दाट धुक्यात तो निघाला तो आलाच नाही. मग गावातल्या प्रत्येकानं दारात ताजा पाव ठेवायला सुरुवात केली, वासानं तरी कुत्रा घराकडे येईल म्हणून. ‘नवव्या दिवशी पहाटे पिरी बाईंना मागच्या दाराशी काहीतरी आवाज आला...’ आणि उतारा संपला. खाली पाच प्रश्न.

पेपर परत देताना मी फान चिउला उभं केलं. बारीक चणीची, नदीपलीकडून सायकल मारत येणारी पोरगी. अभ्यासात ना पुढे ना मागे.

"पाचव्या प्रश्नाला खूणच नाही. पेनातली शाई संपली का गं?"

"नाही बाई."

"मग? ‘पुढच्या परिच्छेदात लेखक बहुधा कशाबद्दल सांगेल?’ चार पर्याय दिलेत. पाव बनवण्याचा इतिहास, धुक्यामुळे जहाजांची होणारी अडचण, गावाची एकजूट, पिरी बाईंनी शहरातून आणलेला नवा कुत्रा. क वर खूण करायची. त्यात काय एवढं?"

"पण बाई, दारात कोण होतं?"

वर्ग खिदळला. मी टेबलावर पट्टी आपटली.

"कोण का असेना! त्याला गुण आहेत का?"

"नाहीत. पण बटन परत आला का?"

"बाई," वर्गप्रमुख ख्वांग न विचारताच उठला. आगाऊ कार्टं, पण हुशार. "मी तर उतारा वाचलाच नाही. क आखूड होता म्हणून क. पाचपैकी पाच!"

"बघ, शिक त्याच्याकडून," मी चिउला म्हटलं. हो, म्हटलं मी. लपवून काय करू? वर आणखी एक म्हटलं, "एवढीच हौस असेल तर त्या पिरी बाईंनाच पत्र लिहून विचार!"

रागात माणूस शंभर गोष्टी बोलतो. पण ही पोरगी तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पत्र लिहून माझ्यापुढे हजर.

आता इथं माझं एक दुखणं सांगायला हवं. मला इंग्रजी शिकवलं दू सरांनी. ते मुळात रशियनचे शिक्षक. एका उन्हाळ्यात वरून हुकूम आला की आता रशियन बंद, इंग्रजी शिकवा. बिचारे रेडिओ ऐकून आमच्यापेक्षा एक धडा पुढे राहायचे. त्यांच्याकडून मी शिकले, आणि माझ्याकडून हजारभर पोरं. पण आमचं हे इंग्रजी ज्यांची ती भाषा आहे त्यांना कळतं का, हे आजवर कुणी तपासलंच नव्हतं. एकदा बसस्टँडवर एक गोरा माणूस गोंधळून इकडेतिकडे बघत होता. कुणालातरी विचारणार हे दिसतच होतं. आणि मी, इंग्रजीची शिक्षिका, नूडल्सच्या गाडीमागे जाऊन लपले. बस सुटेपर्यंत बाहेर आले नाही. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

म्हणून ते पत्र मी घेतलं आणि टेबलावर पालथं घालून ठेवलं. हे खरंच गेलं तर? खरीखुरी बाई ते वाचणार. कळलं तर कळलं, नाही कळलं तर चोवीस वर्षं मी पोरांना काय शिकवत होते?

"कशाला उगाच," मी म्हटलं. "पत्ता तरी आहे का?"

"गावाचं नाव उताऱ्यात आहे. बेकरी एकच असेल. एवढंसं तर गाव."

मग मी लाल पेन उघडलं. चार वेळा लिहून घेतलं तिच्याकडून. सुरुवातीला ‘आपण कुशल असाल अशी आशा करते’, शेवटी ‘आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे’, सगळं परीक्षेत लागतं तसं चोख. मधल्या पाच ओळींत तिचं म्हणणं. आमच्या परीक्षेच्या पेपरात तुमची गोष्ट अर्धीच छापली आहे, ती दारापाशीच अडकली आहे, आणि मला झोप लागत नाही, कृपया दारात कोण होतं ते कळवा. झोपेचं वाक्य मी खोडलं होतं. तिनं ते परत घातलं, मग मी राहू दिलं.

चौथ्या खेपेला खाली बघितलं तर जागा कोरी.

"नाव कुठंय? एक गुण गेला!"

चिउनं जीभ चावली, पटकन नाव लिहिलं. मी त्यापुढे लाल पेनानं बरोबरची ठसठशीत खूण केली. मग ती खूण पुसता येईना, म्हणून पाचव्यांदा लिहायला लावलं. तिनं माझ्या डोळ्यांदेखत पत्र पाकिटात घातलं, आणि आम्ही दोघी पोस्टात जाऊन ते टाकून आलो.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात एकच घोषा. "बाई, आलं?" कुणी म्हणे महिना लागेल, कुणी म्हणे त्या बाई केव्हाच वर गेल्या असतील. ख्वांगनं तर पैज लावली. उत्तर आलं तर तो अख्ख्या वर्गाला वाफेवरचे बन खिलवणार.

"तुझे बाबा बनचं दुकान चालवतात, तुझं काय जातं!" मागून कुणीतरी म्हणालं.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात नदीवरून बोचरा वारा सुरू झाला, पोरं गरम पाण्याच्या बाटल्या कुशीत घेऊन बसू लागली. चिउ रोज विचारायची, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. मग विचारायचीच बंद झाली. आणि जानेवारीच्या चाचणीत तिला उताऱ्यांत पैकीच्या पैकी गुण पडले.

"अरे वा! सगळे नीट वाचलेस वाटतं?" मी विचारलं.

"नाही बाई. एकही नाही. वेळ वाचतो."

ती अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली. माझीच पद्धत, माझेच शब्द. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अख्ख्या वर्गात एकच पोरगी गोष्टीसाठी उतारा वाचत होती, आणि तिचीही मी वाट लावली. त्यातून पत्राचं उत्तर नाही. म्हणजे माझं इंग्रजी तिकडे कुणाला कळलंच नाही. मी मनाशी ते पक्कं करून टाकलं आणि त्या विषयावर बोलणं सोडून दिलं.

याच दिवसांत फाटकावर एक वेगळाच तमाशा चालू होता. आमच्या फाटकावर पांगकाका बसतात. साठी उलटलेली, पूर्वी पलटणीत आचारी होते. कुणाचं पत्र आलं की ते खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं त्याचं नाव लिहितात, आणि माणूस पत्र घेऊन गेला की पुसतात. तर डिसेंबरच्या सुरुवातीला त्या फळ्यावर नाव आलं: लिन पिंग.

आता हा लिन पिंग कोण, ते आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत. इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहायचं असतं ना, ते दर वर्षी लिन पिंगच्याच नावानं. ‘समजा, तू लिन पिंग आहेस. तुझ्या परदेशी मित्राला सहलीचं आमंत्रण दे.’ तपासणाऱ्याला ओळख पटू नये म्हणून खाली स्वतःचं नाव चुकूनसुद्धा लिहायचं नाही. लिहिलं की अख्ख्या पेपराला भोपळा. त्यामुळे आमच्याकडचं प्रत्येक पोरगं आयुष्यात शे-दोनशे वेळा लिन पिंग झालेलं असतं.

झालं! फळ्यावरचं नाव बघून पोरांना ऊत आला. कुणी खाली खडूनं लिहिलं, ‘लिन पिंग सहलीला गेलाय.’ कुणी लिहिलं, ‘लिन पिंग पत्रं लिहून लिहून आजारी.’ पांगकाका रोज सकाळी ही टवाळी पुसायचे आणि नाव पुन्हा ठळक काढायचे. मीही जाता-येता बघायची आणि दातओठ खायची. मला वाटायचं, माझ्याच वर्गातल्या कार्ट्यांनी म्हाताऱ्याला हाताशी धरून माझी टिंगल चालवलीय. चिउच्या पत्राची गोष्ट शाळाभर झाली होतीच.

मार्चमध्ये तपासणीचे साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "तान बाई, फाटकावर तुमच्या इंग्रजीच्या पेपरातलं नाव झळकतंय. कसं दिसतं ते? पुसून टाका."

मी डस्टर घेऊन तरातरा फाटकावर गेले आणि फळ्याला हात घातला. पांगकाका खिडकीतून ओरडले, "हात लावायचा नाही!"

"काका, पुरे झाली आता थट्टा. कुणी पढवलं तुम्हाला? ख्वांगनं?"

"मला कोण पढवणार? पत्र आलं की नाव लिहायचं. माणूस येईस्तोवर पुसायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"अहो, पण लिन पिंग नावाचा माणूसच नाहीये जगात!"

"नाहीये?" काकांनी मान तिरकी केली. "मग त्याला परदेशातून पत्र कसं येतं हो, तान बाई?"

असं म्हणून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, आणि त्यातून एक निळसर पाकीट माझ्यासमोर धरलं. "दर वर्गात जाऊन विचारलं मी. सगळे मलाच हसतात. पोस्टमननं नुसतं नाव वाचून दिलं म्हणून, नाहीतर ही गिचमिड मला काय कळते? तीन महिने वाट बघितली. या सोमवारी परत पाठवणार होतो."

पाकिटावर इंग्लंडच्या राणीचं तिकीट. खाली आमच्या शाळेचा पत्ता, दुसरं वर्ष, वर्ग सात, म्हणजे चिउचाच वर्ग. आणि सगळ्यात वर, तिरक्या गोल अक्षरात: लिन पिंग.

माझ्या डोळ्यापुढे ती लाल खूण उभी राहिली. नाव कुठंय, एक गुण गेला! पोरीनं सवयीनं लिन पिंग लिहिलं, आणि मी, पाच वेळा तपासणारी, मीही सवयीनं बरोबर म्हटलं. आयुष्यातलं पहिलं खरं पत्र, आणि तेसुद्धा आम्ही परीक्षेचं करून ठेवलं. तीन महिने उत्तर फाटकावर बसून होतं, आणि मी रोज त्याच्यासमोरून नाक मुरडून जात होते. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या नियमाचे फार उपकार झाले हो."

"पण सही करायची. आणि पत्र लिन पिंगलाच द्यायचं."

"त्यालाच देते," म्हणून मी सही ठोकली आणि पाकीट घेऊन धावत सुटले. डस्टर हातातच राहिलं.

वर्गात गणिताचा तास चालू होता. मी सरळ आत घुसले. "सर, पाच मिनिटं द्या!" सर बघतच राहिले. मी कधी कुणाच्या तासाला गेलेली नाही, आणि माझ्या तासाला कुणाची यायची हिंमत नाही.

"चिउ! उठ. तुझं पत्र आलंय."

वर्गात असा कल्ला झाला, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. कल्ला जरा ओसरल्यावर मी सगळी हकिकत सांगितली, माझ्या लाल खुणेसकट. चिउनं पाकीट हातात घेतलं, वरचं नाव बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाई, तुम्ही वाचा. मला धीर होत नाही."

धीर मलाही नव्हता. छापील इंग्रजी वेगळं. खऱ्या बाईच्या हातचं अक्षर मी जन्मात वाचलं नव्हतं. नाही लागलं तर चोपन्न पोरांसमोर काय करू? इथं नूडल्सची गाडीही नव्हती. मी चष्मा पुसला, पत्र उघडलं आणि एकेक वाक्य इंग्रजीत वाचून आपल्या भाषेत सांगू लागले.

"प्रिय लिन पिंग, तुझं पत्र मी दुकानात उभ्याउभ्याच वाचलं, हात पिठाचे असताना. तुझा प्रत्येक शब्द मला कळला."

मी तेच वाक्य परत वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"बाई, ते झालं की," ख्वांग म्हणाला.

"गप बस, मेल्या," मी म्हटलं आणि पदर असता तर डोळे पुसले असते. होतं ते डस्टर, त्यानंच पुसले. अख्खं तोंड पांढरं झालं. पोरं हसली, मीही हसले. चोवीस वर्षांचं ओझं उतरलं माझं, खोटं कशाला सांगू!

पुढचं पत्र मी एका दमात वाचलं. "नवव्या दिवशी दारात बटनच होता. कुणीतरी होडीच्या शेडचं दार चुकून बंद केलं होतं, त्यात तो अडकला होता. ते दार उघडेपर्यंत छपरातून गळणाऱ्या पाण्यावर जगला. नुसती हाडं राहिली होती. पण तोंडात टोपली तशीच, आणि टोपलीत म्हाताऱ्या कप्तानांचा पाव तसाच. त्यानं त्याला दातही लावला नव्हता. मी दार उघडलं, तो घटाघटा पाणी प्यायला. मी जवळ घेणार, तोच त्यानं टोपली पुन्हा उचलली आणि कप्तानांच्या घरी निघाला. मी रडत त्याच्यामागे, माझ्यामागे अख्खं गाव. कप्तानांनी तो दगडासारखा पाव चहात बुडवून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. बटन त्यानंतर सहा वर्षं जगला आणि फार लठ्ठ झाला. तुझ्या पेपरात ही गोष्ट अर्धी का छापली कोण जाणे, खरी मजा तर पुढेच होती. आता तरी तुला झोप लागेल. मी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि कुशल आहे, विचारल्याबद्दल आभार. लिन पिंग, तू मुलगा आहेस की मुलगी? तुझ्याबद्दल काहीतरी सांग."

गणिताचे सर नाक शिंकरत होते. मग चिउ एकदम बाकावरच चढली आणि ओरडली, "आला! बटन परत आला!" त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात माझाही आवाज होता.

"बाई," गोंधळातून ख्वांग म्हणाला, "म्हणजे पाचव्या प्रश्नाचे चारही पर्याय चूक?"

"चूक."

"मग माझे दोन गुण कापणार?"

"कापणार. आणि कोरं सोडणाऱ्या चिउला देणार." माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड निकाल होता तो. "आणि बनचं विसरू नकोस!"

दुसऱ्या दिवशी त्यानं चार टोपल्या बन आणले. एक टोपली मी चिउला बरोबर घेऊन पांगकाकांना नेऊन दिली. त्यांनी चिउला आपादमस्तक न्याहाळलं, "हा होय लिन पिंग!" म्हणाले, आणि फळ्यावरचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं.

उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं, माझा पूर्ण तास घालवून. माफी मागितली, लिन पिंग कोण ते सांगितलं. या वेळी मी लाल पेन कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. मग कागद बाकाबाकावरून फिरला आणि प्रत्येकानं खाली आपलं खरं नाव लिहिलं. फान चिउ, ख्वांग, पुढचे बावन्न. कितीतरी पोरं दचकत लिहीत होती, कुणी येऊन भोपळा देईल म्हणून. शेवटी कागद माझ्यापुढे आला. मी पेन टेकवलं आणि थांबले. इंग्रजी पत्राखाली माझं नाव मीही कधी लिहिलं नव्हतं.

चिउ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"नाव कुठंय बाई?" ती म्हणाली. "एक गुण गेला!"

अख्खा वर्ग हसला, आणि मी लिहिलं: तान रुई.